मात्रा सातच, चाल मात्र वेगळी

‘जगभरातले संगीत’ हा विषय शाळेत घ्यायचा ठरला, की त्याचा साचा बहुतेक ठरलेला असतो. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर जेंबे, टायको, काहोन, बोंगो यांची चित्रे, देशागणिक एकेक ध्वनिफीत आणि शेवटी ‘कोणते वाद्य कोणत्या देशाचे’ अशा जोड्या लावा. तास रंगतो, मुले खूश होतात. पण पंधरा दिवसांनी त्यांच्याजवळ काय उरले हे पाहावे, तर पाच-सहा नावे. दोष मुलांचा नाही, निवडीचा आहे. वाद्य ही लयपरंपरेची चटकन दिसणारी बाजू, पण तिचा गाभा तिथे नसतो. वाद्ये घर बदलतात. पेरूचा काहोन गेल्या पन्नासेक वर्षांत स्पेनच्या फ्लामेंकोत जाऊन बसला, युरोपचे व्हायोलिन कर्नाटक संगीतात इतके मुरले की त्याच्याविना तिथल्या मैफलीची कल्पना करवत नाही. वाद्य परके झाले तरी संगीत आपलेच राहिले, कारण काळ मोजण्याची रीत बदलली नाही. किती मोजायचे, कुठे तोडायचे, वजन कुठे टाकायचे, आणि आवर्तनात आपण नेमके कुठे आहोत हे सगळ्यांना कसे कळवायचे, या चार प्रश्नांची प्रत्येक समाजाने आपापली उत्तरे दिली आहेत. जगाच्या लयींची ओळख करून द्यायची तर ती या उत्तरांची करून द्यावी. ती हातापायांनी आणि तोंडाने करून घ्यावी, आणि वीस देशांवरून उडत जाण्याऐवजी तीन-चार परंपरांत नीट उतरावे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

सातपासून सुरुवात करू, कारण हा आकडा मराठी मुलाला परका नाही. रूपकात सात मात्रा आणि तीन खंड: तीन, दोन, दोन. ‘तीं तीं ना, धी ना, धी ना’ हा ठेका तबला शिकणाऱ्याच्या कानावर फार लवकर पडतो. चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर टाळी, आणि पहिल्याच मात्रेवर खाली. म्हणजे इतर तालांत जिथे समेचा भरीव आघात येतो, तिथे रूपकात डग्ग्याचा घुमारा नसलेला ‘तीं’ येतो. आता बल्गेरियाकडे वळू. तिथले राचेनित्सा हे लोकनृत्यही सातांचेच, पण त्याची फोड दोन, दोन, तीन अशी. कागदावर पाहिले तर रूपक उलटा वाचला की राचेनित्सा मिळते. नाचायला गेले की हा हिशेब चुकतो. राचेनित्सा इतकी जलद चालते की नाचणारा सात मोजतच नाही; त्याच्या पायांना तीनच पावले ठाऊक असतात, दोन आखूड आणि एक लांब. रूपकात गाणारा-वाजवणारा एकेका मात्रेच्या पोटात शिरतो, तिचे दोन, तीन, चार तुकडे करून दाखवतो. राचेनित्सात मात्रेला असे स्वतंत्र अस्तित्व उरत नाही, तिथे खेळ असतो तो आखूड आणि लांब पावलांच्या जोडणीचा. बल्गेरियात याच पद्धतीने पाचांचे पायदुश्को, नवांचे दायचोवो, अकरांचे कोपानित्सा अशी नृत्ये बांधलेली आहेत, आणि गावातल्या लग्नात ती नाचणाऱ्या माणसांना आपण काही अवघड करतो आहोत असे वाटत नाही. हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांना या चालींचे महत्त्व इतके वाटले, की पियानो शिकणाऱ्यांसाठी रचलेल्या ‘मिक्रोकोस्मोस’ या संचाचा शेवट त्यांनी बल्गेरियन लयीतल्या सहा नृत्यांनी केला. वर्गात मात्र पियानो लागत नाही. रूपकाची टाळी-खाली हाताने धरायची आणि मग ‘आखूड, आखूड, लांब’ असे वर्गाला एक फेरी चालून यायचे, एवढ्याने सातांच्या दोन स्वभावांतले अंतर मुलांना कळते.

बारा हा आकडा आणखी बोलका आहे. आपल्या एकतालात बारा मात्रा, दोन-दोनचे सहा खंड. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर टाळी, तिसरी आणि सातवी खाली. स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसियात फ्लामेंकोचा सोलेआ हा प्रकारही बारांचा, पण तिथे जोर पडतो तो ३, ६, ८, १० आणि १२ वर. म्हणजे पहिले सहा आकडे तीन-तीनमध्ये तुटतात, पुढचे सहा दोन-दोनमध्ये, आणि टाळ्यांची साथ करणाऱ्याला प्रत्येक आवर्तनात ही मोडणी तोल न जाऊ देता पार करावी लागते. घाना आणि टोगोच्या किनारपट्टीवर राहणारे एवे लोक बारांची वाटणी तिसऱ्याच तऱ्हेने करतात. त्यांच्या आगबेकोर या जुन्या युद्धनृत्यात गांकोगुई नावाची लोखंडी जोडघंटा १, ३, ५, ६, ८, १० आणि १२ या जागी वाजते आणि अखेरपर्यंत तेच वळण धरून राहते. नाचणाऱ्यांची पावले त्याच वेळी १, ४, ७ आणि १० वर पडतात. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून पाहाव्यात: घंटा आणि पाऊल फक्त पहिल्या आणि दहाव्या जागी भेटतात, मधल्या दोन पावलांखाली घंटा मुकी असते. ऐकणाऱ्याला जी ओढ जाणवते ती या भेटी-चुकामुकीतून येते. एकतालात आवर्तनाचा नकाशा टाळी-खालीतून उघड सांगितला जातो. एवे परंपरेत तो घंटेच्या असमान ठोक्यांत दडलेला असतो, आणि ढोलवादक, गायक, नर्तक सगळे तो त्या ठोक्यांवरून ओळखतात. आकडा एकच असून तीन समाजांनी त्यावर तीन वेगळ्या इमारती उभ्या केल्या. ‘आफ्रिकेचे लोक ढोल छान वाजवतात’ या छापाच्या वाक्यातून विद्यार्थ्याला यातले काहीच मिळत नाही.

वजन कुठे टाकायचे, हा प्रश्न तर गृहीतकच हलवणारा आहे. आपल्याला आवर्तनाचा पहिला क्षण सर्वात वजनदार वाटतो, सम म्हणजे एक. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या गामेलान या वाद्यवृंदात वजन शेवटी असते. लाद्रांग या रचनाबंधात बत्तीस ठोक्यांचे एक आवर्तन होते. त्यात मोठी गाँग एकदाच वाजते, तीही बत्तिसाव्या ठोक्यावर. केनोंग ही दुसरी गाँग दर आठव्या ठोक्याला, म्हणजे चारदा वाजते. दोन केनोंगांच्या मध्ये केंपूल ही लहान लटकती गाँग वाजते, पण पहिल्या टप्प्यात ती मुद्दाम वगळतात, म्हणून तिचे ठोके तीनच. चार-चार ठोक्यांच्या प्रत्येक गटातही भार चौथ्यावर असतो. आपल्याकडे ‘एक’वर हात आपटण्याची सवय लागलेल्या मुलाला ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणताना चारवर पोचल्याची भावना आणायला सांगितले, की तो आधी अडखळतो. इथे चांगल्या शिक्षकाला पुढचा प्रश्न टाकता येईल. आपली तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तोच तुकडा, तरी कुठे संपते? समेवरच. गायकाची तान, तबलजीचा तुकडा, सगळे धावत येऊन समेवर विसावतात. म्हणजे सम ही आपल्याकडेही मुक्कामाची जागा आहेच. फक्त आपण तिला ‘एक’ म्हणतो आणि जावाचा वादक तिला ‘शेवट’ म्हणतो. परक्या पद्धतीजवळ गेल्यावर आपल्याच पद्धतीतली नेहमीची गोष्ट अशी नव्याने दिसते.

हे सगळे शाळेच्या वयातच का, याचे उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगांत मिळते. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना आणि बालकांना दोन तऱ्हेचे लोकसंगीत ऐकवले: पाश्चात्त्य पद्धतीच्या समान ठोक्यांचे आणि बाल्कन प्रदेशातल्या असमान ठोक्यांचे. मग मूळ लय किंचित बिघडवून तो बिघाड कळतो का हे तपासले. प्रौढांना आपल्या ओळखीच्या लयीतला बिघाड कळला, बाल्कन लयीतला कळला नाही. बल्गेरिया-मॅसेडोनियातून आलेल्या प्रौढांना दोन्ही कळले. आणि सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकन बाळांनाही दोन्ही कळले. बारा महिन्यांची बाळे मात्र मोठ्यांच्या वळणावर गेलेली आढळली. त्यांना घरी काही दिवस बाल्कन संगीत ऐकवल्यावर ती क्षमता परतली, तेवढेच ऐकून प्रौढांची परतली नाही. याचा अर्थ असा, की चारांची लय ‘नैसर्गिक’ आणि सातांची ‘अवघड’ हा भेद निसर्गाने केलेला नाही, तो ऐकण्याच्या सवयीने केलेला आहे, आणि सवय जितकी जुनी तितकी ती हलवणे कठीण. नोरी जाकोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ देशांतल्या ३९ गटांना लयी ऐकवून त्या ठोके देऊन पुन्हा वाजवून घेतल्या. साध्या प्रमाणांतल्या लयींकडे सगळ्याच गटांचा ओढा दिसला. मानवी मन लयीच्या बाबतीत अगदी कोरे नाही, हे त्यातून निघते. पण कोणती प्रमाणे कुणाला जवळची, हे जागोजाग वेगळे होते. लक्षात घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे निरनिराळ्या देशांतले विद्यापीठीय विद्यार्थी आणि इंटरनेटवरून सहभागी झालेले लोक बऱ्याच अंशी पाश्चात्त्य श्रोत्यांसारखे वागले. सगळीकडे तेच ते ऐकले जाऊ लागले की कान कसा एकाच वळणाचा होतो, याची ही खूण मानता येईल. आपल्या मुलांच्या कानावर दिवसभर पडणारी लय कोणती, हे लग्नाच्या वरातीतला डीजे आणि मोबाइलमधली रील सांगतातच.

इथे पहिला आक्षेप येतो: मोबाइलवर जगातले सारे संगीत फुकट उपलब्ध असताना हातपाय कशाला हलवायचे? मुलांना ऐकवा, व्हिडिओ दाखवा, झाले. याही प्रश्नावर प्रयोग झालेले आहेत. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना जोर नसलेली, संदिग्ध लय ऐकवली. ती चालू असताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवले, काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन आणि तीन अशा दोन्ही जोरांची आवृत्ती समोर ठेवल्यावर प्रत्येक गटाने आपण ज्या गतीत झुललो ती पसंत केली. डोळे बांधलेल्या बाळांतही हाच परिणाम दिसला. दुसऱ्याला झुलताना नुसते पाहणाऱ्या बाळांत दिसला नाही. प्रौढांवर केलेल्या पुढच्या प्रयोगाचाही निष्कर्ष असाच निघाला, की लय कशी ऐकू येते हे शरीराच्या हालचालीने ठरते, पाहण्याने नाही. स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक एमिल झाक-दालक्रोझ यांनी प्रयोगशाळेशिवाय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच ताडले होते. स्वरलिपी अचूक वाचणारे त्यांचे विद्यार्थी लयीत मात्र कोरडे राहत, म्हणून त्यांनी त्यांना वर्गात चालायला, पळायला, हातांनी काल धरायला लावले आणि त्यातून शिक्षणाची एक पद्धतच उभी केली. आपल्याकडे टाळ घेऊन पावली खेळणाऱ्या वारकऱ्याला किंवा लेझीम हाती घेतलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही. व्हिडिओ निरुपयोगी आहे असे नाही. त्याची जागा नंतरची आहे. सोलेआच्या बारा टाळ्या स्वतः धरताना दहादा चुकलेला मुलगा जेव्हा अस्सल कलाकाराचे ध्वनिमुद्रण ऐकतो, तेव्हा तो नेमके काय ऐकायचे हे जाणून ऐकतो. उलट क्रमाने गेले तर तो फक्त प्रेक्षक राहतो.

हाताइतकेच तोंडही कामाचे. जगातल्या कितीतरी परंपरांनी लय लिहून ठेवण्याऐवजी बोलून ठेवली. तबल्याचा विद्यार्थी हात लावण्याआधी पढंत करतो. ‘धा’ म्हणताना दोन्ही हात एकदम पडतात, उजवा एकटा पडला की ‘ना’, डावा एकटा पडला की ‘घे’. उच्चारातच वाजवण्याची कृती आहे. कोरियातल्या जांगू या दोन तोंडांच्या ढोलाचेही असेच: दोन्ही बाजू एकदम वाजल्या की ‘दंग’, डावी एकटी वाजली की ‘कुंग’, उजव्या बाजूला काठी पडली की ‘दक’. जपानच्या टायकोत चामड्यावरचा भरीव आघात ‘डोन’ आणि कडेवरचा ‘का’. तुर्की आणि अरबी संगीतात ‘दुम’ आणि ‘तेक’ किंवा ‘तक’ यांवर साऱ्या लयबंधांची उभारणी होते. कर्नाटक संगीतात तर कोन्नकोल ही बोलण्याचीच स्वतंत्र कला झाली: ‘तकिट’ म्हणजे तीन, ‘तकधिमि’ म्हणजे चार, दोन्ही जोडले की सात. या पद्धतीचा उपयोग दूरवर पोचला आहे. अमेरिकेत रिचर्ड हॉफमन, विल्यम पेल्टो आणि जॉन व्हाइट या तीन संगीतशिक्षकांनी १९९६ मध्ये पाश्चात्त्य संगीताच्या विद्यार्थ्यांसाठी लयवाचनाची जी पद्धत मांडली, तिचे नाव आणि अक्षरे त्यांनी ‘तकधिमि’तून घेतली. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या वादकांनी स्मरणाच्या प्रश्नावर इतका सारखा तोडगा काढला, आणि तरी त्या तोडग्याने मोजलेला काळ मात्र जागोजाग वेगळा राहिला. साम्य आणि भेद असे एकत्र दिसणे हीच या विषयाची खरी गोडी आहे, आणि त्यासाठी लागते फक्त जीभ.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. मुलांना दादरा आणि केरवा ओळखता येत नाहीत, संबळ आणि हलगी यांतला फरक कळत नाही, आणि निघालात बल्गेरियाला? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच वरच्या प्रत्येक उदाहरणाची सुरुवात घरच्या तालातून केली आहे. रूपक हाताशी नसेल तर राचेनित्साचे वेगळेपण कशाशी ताडून पाहणार? पण ‘आधी आपले पूर्ण, मग जगाचे’ ही पायरी मांडली की जगाची पाळी कधीच येत नाही, कारण आपले कधी पूर्ण होत नसते. शिवाय ‘आपले’ म्हणजे काय, हेही सरळ नाही. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा, गोंधळाचा संबळ, लावणीची ढोलकी, मिरवणुकीतले ढोल-ताशे आणि गोव्याचे घुमट यांना बांधणारी एकच मोजणी नाही. घुमट तर गणपतीच्या आरतीतही वाजते आणि गोव्याच्या ख्रिस्ती समाजाच्या मांडो गायनातही. मडके तेच, त्यावर चढवलेले चामडेही तेच, पण गायनाचा घाट आणि चाल वेगळी. मुंबईच्या मुलाला घुमटाची साथ ही राचेनित्साइतकीच नवी असू शकते. तेव्हा आपले आणि परके अशा दोन पेट्या करण्यापेक्षा जवळून दूर जाणारी एक वाट आखावी आणि प्रत्येक मुक्कामावरून मागे वळून पाहावे. तुलनेशिवाय स्वतःची परंपरा कळते हा समज जुना आहे, पण खरा नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकाला टोचणारा आहे, आणि टोचायला हवा. दुसऱ्याच्या परंपरेतले चार ठोके उचलून वर्गात वाजवणे म्हणजे तिचे खेळणे करणे नाही का? घानाचे संगीतशास्त्रज्ञ कोफी आगावू यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात ‘आफ्रिकन लय’ ही कल्पनाच बाहेरच्या अभ्यासकांनी घडवली असल्याचे दाखवले: एका अवाढव्य खंडातल्या शेकडो समाजांचे वेगवेगळे संगीत एका गाठोड्यात बांधायचे, त्याला ‘गुंतागुंतीची लय’ असे लेबल लावायचे आणि तिथल्या सुरांकडे, शब्दांकडे, विचाराकडे पाठ फिरवायची. ही टीका मान्य केली तर विषय सोडून द्यावा लागत नाही, शिकवण्याची शिस्त बदलावी लागते. ‘आफ्रिकन ताल’ म्हणू नये, ‘एवे लोकांच्या आगबेकोरची घंटा’ म्हणावे. ती कोण वाजवते, कशासाठी, हे सांगावे. आणि काही गोष्टी वर्गात आणूच नयेत. क्युबातले बाता ढोल तिथल्या सांतेरिया या धर्मात विधिपूर्वक सिद्ध केलेले असतात, त्यांवरच्या रचना देवतांना उद्देशून असतात. गंमत म्हणून त्यांची नक्कल करणे उचित नाही. देवीच्या गोंधळाचा संबळ परदेशी वर्गात फॅन्सी ड्रेसबरोबर वाजवला गेला तर आपल्याला काय वाटेल, हा निकष पुरेसा आहे. दुसऱ्या टोकाला, परंपरा म्हणजे काचेत ठेवलेली अस्पर्श वस्तू, हाही भ्रम नको. बालीचे प्रसिद्ध केचक, ज्यात पुरुषांचा मोठा जथा ‘चाक-चाक’ या आवाजांची गुंफण करतो, आज आपण पाहतो त्या रूपात १९३० च्या दशकात आकाराला आले. बालीचे नर्तक वायान लिंबाक आणि तिथे राहणारे जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस यांचा त्यात वाटा होता. जिवंत लय नेहमीच देवघेवीतून वाढत आली आहे. प्रश्न घेण्याचा नाही, घेताना नाव, ठिकाण आणि संदर्भ गाळण्याचा आहे.

संदर्भ गाळला की केवढे हातचे जाते, हे अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरून दिसते. एवे लोकांच्या गाहू या नृत्यात सोळा बारीक ठोक्यांच्या आवर्तनात घंटा पाच वेळा वाजते, अंतरे ३, ३, ४, ४, २. क्युबात ‘सोन’ या संगीतप्रकाराचा कणा असलेली क्लावे ही लय, दोन लाकडी दांडकी एकमेकांवर आपटून वाजवली जाणारी, तिची अंतरे ३, ३, ४, २, ४. पाच ठोक्यांपैकी पहिले चार त्याच जागी, फरक फक्त शेवटच्याचा. गाहूतून क्लावे निघाली असा सरळ वंशवृक्ष यावरून काढता येत नाही. पण पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर लयीचे हे घराणे समुद्रापार गेले, हे निश्चित. क्युबात गुलामगिरी १८८६ पर्यंत टिकली. उत्तर अमेरिकेत साउथ कॅरोलायनामध्ये १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवत उठाव केला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या वसाहतीने कायदा करून गुलामांना ढोल बाळगण्यास मनाई केली. ढोल गेले तेव्हा लय हाताच्या टाळ्यांत, मांडीवरच्या थापांत आणि पायांच्या ठेक्यांत राहिली. ‘पॅटिंग जूबा’ या नावाने ओळखले जाणारे अंगतालाचे प्रकार त्या समाजात रुजले. आपल्या देशाशीही या इतिहासाचा धागा जोडलेला आहे. गुजरातेत आणि कर्नाटकात राहणारे सिद्दी समाजाचे लोक मूळ पूर्व आफ्रिकेतून हिंदी महासागर ओलांडून आले, आणि गुजरातेतले सिद्दी आजही आपल्या धमालमध्ये मुगरमान हा उभा ढोल वाजवतात. जी लय वर्गात बाकावर वाजते आहे तिच्या घराण्याच्या ढोलांवर एकेकाळी कायद्याने बंदी होती, हे कळल्यावर विद्यार्थी तिच्याकडे नुसता करमणुकीचा प्रकार म्हणून पाहत नाही. इतिहासाचे पुस्तक जे परिच्छेदात सांगते, ते इथे त्याच्या तळहातावर असते.

उरला व्यवहाराचा आक्षेप, आणि तो सर्वात वारंवार ऐकू येतो: वाद्ये नाहीत, शिकवणारा नाही, वेळ नाही. वर दिलेल्या एकाही उदाहरणाला वाद्य विकत घ्यावे लागत नाही. गाहूच्या घंटेसाठी स्टीलची वाटी आणि चमचा पुरतो, क्लावेला दोन लाटणी, सोलेआला तळहात, राचेनित्साला पाय, लाद्रांगला एखादे मोठे पातेले आणि चार ताटल्या. बत्तीस मोजत शेवटच्या ठोक्याला पातेले वाजवणाऱ्या मुलावर केवढी जबाबदारी असते, हे त्याला सांगावे लागत नाही. शिक्षकाला या परंपरांत पारंगत असण्याचीही गरज नाही. हाताने आवर्तन धरता येईल एवढी तयारी आणि विद्यार्थ्यांबरोबर शिकण्याची वृत्ती पुरे. वेळेचा प्रश्न निवडीने सुटतो. एका सहामाहीत तीनच परंपरा घ्याव्यात आणि प्रत्येकीला एकच क्रम लावावा. आधी त्याच आकड्याचा घरचा ताल. मग नव्या लयीची मोजणी तोंडाने. मग टाळी आणि पाऊल. मग वर्गाचे दोन गट करून एकाने आवर्तन धरायचे आणि दुसऱ्याने त्यावर वेगळी ओळ टाकायची. त्यानंतर अस्सल ध्वनिमुद्रण. आणि शेवटी ते संगीत करणाऱ्या माणसांची गोष्ट. चौथी पायरी वगळू नये. बालीच्या गामेलानमध्ये कोतेकान नावाची रीत आहे. एका वादकाच्या ओळीत ज्या जागा मोकळ्या असतात त्या दुसऱ्याची ओळ भरते, आणि दोघे मिळून जी सलग, वेगवान धून ऐकू येते ती एकट्याने वाजवणे जवळजवळ अशक्य असते. असा तुकडा दोन गटांत टाळ्यांनी करून पाहिला, तर दुसऱ्याचे ऐकत आपली जागा सोडायची नाही हे कौशल्य मुलांना मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला इतर विषयांशी जोडून शिकवण्यावर भर आहे; लसावि, अपूर्णांक, भूगोल आणि इतिहास यांच्याशी आपसूक जोडला जाणारा यापेक्षा स्वस्त धडा शोधून सापडायचा नाही. तीन आणि चार ठोक्यांच्या दोन टाळ्या एकदम सुरू केल्या तर पुन्हा एकत्र कधी येतील, हे मूल बारा ठोके पुरे होताच स्वतःच्या हातांनी तपासते.

या सगळ्याचे मूल्यमापन जोड्या लावण्यातून होणार नाही. विद्यार्थ्याला दोन गोष्टी विचाराव्यात. शेजारी दुसरी ओळ चालू असताना तुला तुझे आवर्तन चार वेळा धरता येते का? आणि या लयीत वजन कुठे आहे, ते तिथे असल्याने काय घडते? पहिल्याचे उत्तर हात देतील, दुसऱ्याचे डोके. जो हे करू शकला त्याला जगातल्या तीनच लयी आल्या असतील, पण चौथी समोर आली तर ती कशी उलगडायची हे त्याला ठाऊक असेल, आणि वीस वाद्यांची नावे पाठ असलेल्याजवळ नेमके तेच नसते. आणखी एक लाभ घरचा आहे. ज्याने फक्त रूपकच ऐकला, त्याला रूपकाची सम खालीवर का, असा प्रश्न पडत नाही. त्याच्या लेखी ते तसेच असते. दुसऱ्यांनी सातांचे काय केले हे अंगाने अनुभवलेला विद्यार्थी हा प्रश्न विचारतो, कारण ताल आभाळातून पडत नाही, माणसे तो ठरवतात, हे त्याने पाहिलेले असते. परंपरा सांभाळायची जबाबदारी पुढे ज्यांच्यावर येणार आहे, त्यांना ती निदान प्रश्न विचारण्याइतकी तरी कळलेली असावी.